सुरुंग इंग्लंडचे, बोटी जर्मनीच्या, देश नॉर्वेचा: एप्रिल 1940 ची केस

8 एप्रिल 1940, सोमवार. ऑस्लोमध्ये मंत्री आणि खासदार सकाळपासून एकाच प्रश्नावर डोकं लावून बसलेत, की ब्रिटिशांनी पहाटे आपल्या हद्दीतल्या पाण्यात सुरुंग पेरलेत, आता निषेध किती कडक भाषेत करायचा. आणि त्याच वेळी जर्मनीचं जवळपास सगळं आरमार पोटात सैनिक भरून नॉर्वेच्या किनाऱ्याकडे निघालेलं आहे. मागच्या दाराने दरोडेखोर शिरतायत आणि घरातली माणसं पुढच्या अंगणात शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडतायत, तसा तो प्रकार.

ह्या केसमध्ये मला इंटरेस्ट आहे तो ह्याच कारणाने. मोठ्या देशाने छोटा तटस्थ देश गिळला इतकीच गोष्ट असती तर त्यात लिहिण्यासारखं फार नव्हतं. पण नॉर्वेची तटस्थता 24 तासांच्या आत दोन्ही बाजूंनी मोडली, आणि दोघांपैकी एकाचंही नॉर्वेशी भांडण नव्हतं. जमिनीचा जुना वाद नाही, सीमेचा तंटा नाही, काही म्हणजे काही नाही. हिटलरने तर डिसेंबर 1939 मध्ये क्विसलिंग ह्या नॉर्वेतल्या नाझीधार्जिण्या पुढाऱ्याला भेटून सांगितलं होतं की नॉर्वे तटस्थ राहिला तर मला तेच जास्त सोयीचं आहे. आणि चार महिन्यांत स्वारी त्यानेच केली. हे कसं झालं ते बघायचं तर थोडं मागे जावं लागतं, आणि शेजारी नकाशा उघडून ठेवला तर उत्तम.

मागच्या युद्धातून शिकलेला धडा

नॉर्वे 1905 मध्ये स्वीडनपासून वेगळा झाला. राजा हाकोन सातवा हा मूळचा डेन्मार्कचा राजपुत्र, जनमत घेऊन बोलावलेला. 1939 मध्ये लोकसंख्या 30 लाखांच्या आतबाहेर. सत्तेत मजूर पक्ष, पंतप्रधान योहान नीगार्डस्वोल्ड. ह्या पक्षातल्या युद्धविरोधी मंडळींचं चिन्हच मुळी मोडलेली बंदूक, तेव्हा लष्करावर पैसा ओतायची हौस किती असेल ते वेगळं सांगायला नको. परराष्ट्रमंत्री हाल्फदान कूट हा पेशाने इतिहासाचा प्राध्यापक. मागचं, म्हणजे पहिलं महायुद्ध ह्या माणसाला तोंडपाठ होतं, आणि मला तर वाटतं घोळ तिथेच झाला.

कारण मागच्या युद्धातही नॉर्वे तटस्थच होता आणि तेव्हा ते कसंबसं निभावलं होतं. किंमत भरपूर मोजली, व्यापारी जहाजांचा निम्म्याच्या आसपास ताफा बुडाला, दोनएक हजार खलाशी गेले, तेही युद्धात नसताना. पण देशाच्या जमिनीवर परकं सैन्य उतरलं नाही. शेवटी शेवटी, 1918 च्या शरद ऋतूत, ब्रिटन-अमेरिकेने इतका रेटा लावला की जर्मन पाणबुड्यांची वाट बंद करायला नॉर्वेने स्वतःच आपल्या हद्दीत सुरुंग पेरायचं कबूल केलं. म्हणजे धडा काय घेतला, तर तटस्थता म्हणजे समुद्रावरची कटकट, पत्रापत्री, बुडालेल्या जहाजांचे हिशेब, आणि अधूनमधून लंडनपुढे थोडं वाकणं. जमिनीवर कोणी येणार नाही, कारण उत्तर समुद्रावर ब्रिटिश आरमार बसलंय आणि ते जर्मनांना एवढ्या लांब पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊच देणार नाही.

हा शेवटचा भाग कुठल्याही करारात लिहिलेला नव्हता. ब्रिटनने तसं वचन दिलेलं नाही, नॉर्वेने मागितलेलंही नाही, पण सगळं संरक्षण त्याच्यावरच उभं. दुसऱ्याच्या नावावर असलेला इन्शुरन्स, हप्ता भरायचा नाही आणि क्लेम मात्र आपल्याला मिळेल असं धरून चालायचं.

आणखी एक गोष्ट, जी नेहमी मागे राहते. नॉर्वेचा व्यापारी ताफा तेव्हा जगात चौथ्या नंबरचा होता, त्यात आधुनिक तेलवाहू टँकर भरपूर. युद्ध लागल्याबरोबर ब्रिटनला पहिल्यांदा काय हवं झालं असेल तर हे टँकर. नोव्हेंबर 1939 मध्ये नॉर्वेच्या जहाजमालकांच्या संघटनेने ब्रिटनशी करार करून दीडशेच्या आसपास टँकर भाड्याने द्यायचं ठरवलं. सरकारने नाही हं, संघटनेने. म्हणजे बर्लिनने विचारलंच तर सांगायची सोय, की हा खाजगी व्यवहार आहे, आमचा संबंध नाही. सोय चांगली होती, पण त्याने फसलं कोणीच नाही.

तर ब्रिटनच्या पदरात टँकर पडले. जर्मनीच्या पदरात काय पडत होतं, ते पुढे.

नार्विक

उत्तर स्वीडनमध्ये किरुना आणि येलिवारे इथे लोहखनिजाच्या प्रचंड खाणी आहेत. जर्मनीचं पोलाद मोठ्या प्रमाणावर ह्या खनिजावर चालायचं, 1930 च्या दशकाच्या शेवटी वर्षाला नव्वद लाख ते एक कोटी टन माल तिकडून यायचा. उन्हाळ्यात तो स्वीडनच्याच लुलेओ बंदरातून बाल्टिकमार्गे सरळ जर्मनीला जायचा, त्यात नॉर्वेचा काही संबंध नाही. पण हिवाळ्यात बाल्टिकचा तो वरचा भाग गोठतो. मग खनिज रेल्वेने डोंगर ओलांडून पश्चिमेला नॉर्वेच्या नार्विक बंदरात आणायचं, जे आर्क्टिक वर्तुळाच्याही वर असून गरम सागरी प्रवाहामुळे बारा महिने उघडं असतं.

नार्विकहून जर्मनीला जायचं तर अख्खा नॉर्वे बाजूला ठेवून खाली यावं लागतं. इथे भूगोलाची गंमत आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून हजारो बेटांची रांग आहे आणि बेटं नि किनारा ह्यांच्यामधून जहाजांना जायला आतली वाट आहे. ही वाट नॉर्वेच्या हद्दीत. म्हणजे जर्मन जहाज नार्विकला खनिज भरून ह्या आतल्या वाटेला लागलं की ते तटस्थ पाण्यात आणि बाहेर गस्त घालणारं जगातलं सगळ्यात मोठं आरमार नुसतं दुर्बिणीतून बघत बसणार. हात लावला तर तटस्थतेचा भंग.

आता हा हिशेब नीट बघा, कारण सगळी केस इथेच फिरते. तटस्थता ही छोट्या देशाची स्वतःची वस्तू आहे असं आपण समजतो, त्याने घोषणा केली, नियम पाळले, की झालं. प्रत्यक्षात ती दोन मोठ्यांच्या वहीतली नोंद असते. दोघांनाही ती मोडण्यापेक्षा ठेवणं फायद्याचं वाटतंय तोवर ती टिकते. नॉर्वेच्या बाबतीत जर्मनीला खनिजाची वाट फुकट सुरक्षित मिळत होती, ब्रिटनला टँकर मिळत होते. पण टँकर ब्रिटनने आधीच पदरात पाडून घेतलेले, ते काही परत जाणार नव्हते, आणि खनिज मात्र दर आठवड्याला डोळ्यांसमोरून जात होतं. काटा हळूहळू झुकत होता. तटस्थ नॉर्वे हा जर्मनीला जास्त उपयोगी आणि ब्रिटनला कमी, अशी स्थिती आली. चर्चिल तेव्हा नौदलमंत्री, त्याने सप्टेंबर 1939 मध्येच आतल्या वाटेत सुरुंग पेरायची कल्पना मंत्रिमंडळापुढे ठेवली होती. मंत्रिमंडळ महिनोन्‌महिने नको नको म्हणत राहिलं, कारण आपण छोट्या देशांच्या हक्कांसाठी लढतोय असं जगाला सांगायचं आणि स्वतःच एकाच्या हद्दीत घुसायचं, हे अमेरिकेत कसं दिसेल.

आणि इथून दुसरं चाक फिरतं. ज्याचा फायदा होतोय त्याला भीती वाटायला लागते, की समोरचा हे फार दिवस चालू देणार नाही. जर्मन नौदलप्रमुख रेडर ऑक्टोबर 1939 पासून हिटलरच्या कानाशी लागला होता, की ब्रिटिश नॉर्वेत उतरले तर खनिजही जाईल आणि बाल्टिकचं तोंडही त्यांच्या ताब्यात जाईल. त्याला स्वतःला नॉर्वेत नौदलाचे तळ हवे होते हेही खरं, म्हणजे भीती आणि हाव दोन्ही एकाच फाइलमध्ये. डिसेंबरमध्ये व्हिडकुन क्विसलिंगला बर्लिनला आणून हिटलरसमोर उभं करण्यात रेडरचा हात होता. क्विसलिंगच्या पक्षाचा संसदेत एकही माणूस नव्हता, पण तो सांगत राहिला की नॉर्वे सरकार आतून ब्रिटिशांना मिळालेलं आहे. खोटंच होतं. पण ज्याला ते ऐकायचंच होतं त्याला पुरलं.

फिनलंडचं निमित्त

30 नोव्हेंबर 1939 ला रशियाने फिनलंडवर हल्ला केला आणि ब्रिटन-फ्रान्सला एक सुंदर कारण सापडलं. फिनलंडला मदत पाठवायची, आणि ती पाठवायची कुठून, तर नार्विकला उतरून, रेल्वेने, किरुनाच्या खाणींवरून. वाटेत खाणींपाशी थोडं सैन्य ठेवायचं, संरक्षणासाठी वगैरे. नॉर्वे-स्वीडनने वाट द्यायला साफ नकार दिला, आणि बरोबरच दिला, कारण ही मदत फिनलंडला किती पोचली असती कोण जाणे, खाणींपर्यंत मात्र नक्की पोचली असती. मार्च 1940 च्या मध्यात फिनलंडने तह केला आणि ते निमित्त गेलं.

गंमत म्हणजे त्याने जर्मनांचंही निमित्त गेलं. हिटलरच्या लष्करी मुख्यालयातल्या जनरल योडलच्या डायरीत त्याच दिवसांतली नोंद आहे की फ्यूररने, म्हणजे हिटलरने, नॉर्वेच्या मोहिमेसाठी कारण काय द्यायचं ते अजून ठरवलेलं नाही. म्हणजे प्लॅन तयार, जहाजं तयार, कारण शोधणं चालू. ही नोंद वाचली की निषेधपत्रांच्या भाषेवर रात्री जागवणाऱ्या कूटची खरंच दया येते.

पण त्याआधी फेब्रुवारीत एक प्रकार झाला होता, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागला.

आल्टमार्क

आल्टमार्क हे जर्मन पुरवठा जहाज. दक्षिण अटलांटिकमध्ये ग्राफ श्पे ह्या युद्धनौकेने जी ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवली त्यांचे जवळपास 300 खलाशी ह्याच्या तळघरात कोंडलेले. फेब्रुवारी 1940 मध्ये हे जहाज वर जाऊन वळसा घालून नॉर्वेच्या आतल्या वाटेला लागलं, म्हणजे तटस्थ पाण्यातून गपचूप घरी. नॉर्वेच्या नौदलाने ते थांबवलं, तपासलं, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा, पण वरवर. खालचं कोठार उघडून बघितलं नाही. कैदी आत आरडाओरडा करतायत, भिंती बडवतायत असं असूनही. पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन बंदरातल्या नौदल अधिकाऱ्याला संशय आला होता, पण वरून सांगणं झालं की जाऊ द्या. कारण उघडून बघितलं आणि खरंच माणसं निघाली तर? मग काहीतरी करावं लागेल, आणि जे करू त्याने जर्मनी चिडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

16 फेब्रुवारीला ब्रिटिश विनाशिका मागावर आल्या तेव्हा आल्टमार्क यॉसिंगफ्योर्ड नावाच्या चिंचोळ्या खाडीत शिरलं. तिथे नॉर्वेच्या दोन छोट्या टॉर्पेडो बोटी होत्या. त्यांच्या अधिकाऱ्याने ब्रिटिशांना सांगितलं, जहाज तपासलेलं आहे, तुम्ही आमच्या हद्दीत आहात, निघा. ब्रिटिश कॅप्टन फिलिप व्हायनने लंडनला विचारलं, चर्चिलकडून थेट ऑर्डर आली, आणि रात्री अकराच्या सुमाराला कॉसॅक ही विनाशिका खाडीत घुसली. आधी त्यांनी ऑफर दिली होती की दोघे मिळून जहाज बर्गनला नेऊ आणि तिथे बघू. नॉर्वेने नाही म्हटलं. मग ब्रिटिश शिपाई आल्टमार्कवर चढले, झटापटीत काही जर्मन मेले, कैदी सुटले. नॉर्वेच्या बोटी बघत राहिल्या. एक गोळी झाडली नाही.

कायद्याच्या दृष्टीने नॉर्वेची बाजू अगदीच लंगडी होती असं नाही. 1907 च्या हेग करारानुसार तटस्थ देशाने आपल्या पाण्यात कुवतीप्रमाणे पहारा ठेवायचा असतो, युद्धनौकेने नुसतं हद्दीतून जाणं हा गुन्हा नाही, आणि प्रबळ आरमारापुढे दोन चिमुकल्या बोटींनी गोळीबार केला नाही म्हणून तटस्थता मोडत नाही. कूटने हे सगळं व्यवस्थित मांडलं. प्राध्यापकाला शोभेल असंच मांडलं.

पण लंडन आणि बर्लिनमध्ये हा कायद्याचा पेपर कोणी वाचलाच नाही. कायदा म्हणतो कुवतीप्रमाणे, आणि हे लोक मोजत होते ती कुवतच. ब्रिटनने निष्कर्ष काढला की नॉर्वे जर्मनांना आपल्या पाण्याचा वापर करण्यापासून थांबवू शकत नाही. जर्मनीने निष्कर्ष काढला की नॉर्वे ब्रिटिशांना आपल्या पाण्यात घुसण्यापासून थांबवू शकत नाही. घटना एकच, दोघांनी उलट्या बाजूंनी वाचली, आणि उत्तर एकच आलं. 21 फेब्रुवारीला, म्हणजे पाच दिवसांत, हिटलरने जनरल फॉन फाल्केनहोर्स्टला बोलावून नॉर्वेची मोहीम त्याच्या हातात दिली. त्याला त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत आराखडा आणायला सांगितलं होतं, आणि त्याच्याकडे नॉर्वेचा धड नकाशाही नव्हता म्हणून तो बाजारात जाऊन बेडेकरचं टुरिस्ट गाइड घेऊन आला. नंतर त्यानेच हे सांगितलंय. 1 मार्चला लेखी आदेश निघाला, त्यात कारणं दिली होती: ब्रिटिशांच्या आधी पोचणं, स्वीडनचं खनिज सुरक्षित करणं, आणि नौदल-हवाईदलाला इंग्लंडविरुद्ध पुढचा तळ. डेन्मार्कही ह्याच आदेशात होता, कारण नॉर्वेवर विमानं पाठवायला ऑलबोर्गचा विमानतळ लागणार होता. डेन्मार्कने वर्षभरापूर्वी जर्मनीशी अनाक्रमणाचा करार केला होता. नॉर्वेने तसा करार नाकारला होता. दोघांवर स्वारी एकाच पहाटे झाली, तेव्हा त्या कागदाची किंमत काय ते कळतं.

दोघंही निघाले, एकमेकांना न सांगता

28 मार्चला ब्रिटन-फ्रान्सच्या युद्धमंडळाने ठरवलं, आता पेरायचे सुरुंग. तारीख 5 एप्रिल. मग फ्रान्सशी एका दुसऱ्याच मुद्द्यावरून, ऱ्हाईन नदीत सुरुंग सोडण्यावरून, वाद झाला आणि नॉर्वेचं काम तीन दिवस पुढे गेलं. नवी तारीख 8 एप्रिल. सोबत दुसरी योजनाही होती: सुरुंग पेरल्यावर जर्मनी नॉर्वेकडे हलला की लगेच ब्रिटिश तुकड्या नार्विक, ट्रॉन्हाइम, बर्गन, स्टावांगरला उतरवायच्या. त्यासाठी सैनिक बंदरात क्रूझरवर चढवून ठेवलेले.

तिकडे हिटलरने 2 एप्रिलला दिवस पक्का केला होता, 9 एप्रिलची पहाट. म्हणजे जर्मन जहाजं सुटली ती ब्रिटिश सुरुंगांना उत्तर म्हणून नव्हे. दोघंही स्वतंत्रपणे, समोरच्याच्या आधी पोचायचं म्हणून, निघाले आणि एकाच दिवसावर येऊन आदळले. पुढे दोघांनीही दुसऱ्याने सुरुवात केली असं सांगितलं. जर्मन म्हणाले आम्ही नॉर्वेला ब्रिटिशांपासून वाचवायला आलो, आणि सुरुंगांमुळे ते सांगायची त्यांची चांगलीच सोय झाली. योडलला जे कारण मार्चमध्ये सापडत नव्हतं ते 8 तारखेला ब्रिटिशांनी आयतं आणून दिलं.

नॉर्वेला इशारे मिळालेच नाहीत असंही नाही. 5 एप्रिलला ऑस्लोतल्या जर्मन वकिलातीने बड्या लोकांना बोलावून एक फिल्म दाखवली, पोलंडवरच्या बाँबहल्ल्याची, विरोध केला की वॉर्सॉसारखं होतं हे नीट समजावं म्हणून. पाहुणे सुन्न होऊन घरी गेले. 8 एप्रिलला दुपारी दक्षिण किनाऱ्याजवळ पोलिश पाणबुडी ओझेलने रिओ दि जानेरो नावाचं जर्मन जहाज बुडवलं. वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली ती लष्करी गणवेशात, आणि त्यांनी नॉर्वेच्या लोकांना सरळ सांगितलं की आम्ही बर्गनला तुमच्या मदतीला चाललो होतो. हे ऑस्लोला कळलं. त्याच दिवशी कळलं. तरी पूर्ण सैन्यभरतीचा हुकूम निघाला नाही, ऑस्लो फ्योर्डमध्ये, म्हणजे राजधानीपर्यंत जाणाऱ्या लांब खाडीत, सुरुंग पेरायचा हुकूमही वेळेत निघाला नाही.

का? आळस म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण तटस्थ देशाच्या डोक्यातला गुंता बघा. सैन्य उभं केलं तर जर्मनी म्हणणार, ब्रिटिशांनी सुरुंग पेरल्यावर तुम्ही सैन्य उभं केलं, म्हणजे आमच्याविरुद्ध. नाही केलं तर आल्टमार्कसारखं पुन्हा. शिवाय मनातून त्यांना वाटत होतं की धोका ब्रिटनकडून आहे, आणि ब्रिटनशी तर लढायचं नाहीच, कारण युद्धात पडलोच तर चुकीच्या बाजूला पडायचं नाही हे त्यांचं आपापसात ठरलेलं. ज्याच्याशी लढायचं नाही त्याच्याविरुद्ध सैन्य कशाला, आणि ज्याच्याशी लढावं लागेल तो एवढ्या लांब येऊच शकत नाही. दोन्ही वाक्यं स्वतंत्रपणे शहाणपणाची वाटतात, एकत्र ठेवली की हातात काहीच उरत नाही.

9 एप्रिलची पहाट

ऑस्लो फ्योर्डच्या तोंडाशी गस्त घालणारी पोल 3 ही छोटी बोट पहिल्यांदा जर्मनांना आडवी गेली. तिचा कॅप्टन लाइफ वेल्डिंग-ऑल्सेन हा ह्या युद्धातला पहिला नॉर्वेजियन बळी. मग पहाटे चारच्या पुढे जर्मन ताफा ऑस्कार्सबोर्ग किल्ल्यासमोर आला, पुढे नवीकोरी अवजड क्रूझर ब्ल्यूखर, तिच्यावर ऑस्लो ताब्यात घ्यायला निघालेले अधिकारी आणि सैनिक.

किल्ल्याचा कमांडर कर्नल बिर्गर एरिक्सेन 64 वर्षांचा, निवृत्तीला आलेला. तोफा 1890 च्या दशकातल्या, त्याही जर्मनीच्याच क्रुप कंपनीच्या. बहुतेक शिपाई नुकतेच भरती झालेले, तोफा धड हाताळायला एकच तयार तुकडी, ती एरिक्सेनने दोन तोफांवर वाटली आणि उरलेल्या जागी स्वयंपाक्यांपासून सगळे उभे केले. नियम असा की तटस्थ पाण्यात परकी युद्धनौका आली तर आधी इशाऱ्याचा गोळा. जहाज कोणाचं हेही त्याला खात्रीने माहीत नव्हतं, ऑस्लोहून स्पष्ट हुकूम नव्हता. त्याने इशारा वगैरे भानगड न करता दीड-पावणेदोन किलोमीटरवरून सरळ नेम धरला. दोन गोळे, दोन्ही लागले. मग खडकात लपवलेल्या बॅटरीतून सुमारे चाळीस वर्षं जुने टॉर्पेडो सुटले, तेही लागले. ब्ल्यूखर सकाळी साडेसहाच्या आत तळाला, सोबत शेकडो माणसं.

त्याच सुमाराला तिकडे शहरात जर्मन राजदूत कुर्ट ब्रॉयर कूटच्या हातात अल्टिमेटम ठेवत होता. मंत्र्यांनी नकार दिला. मुद्दा असा की उत्तर काय द्यायचं ह्याचा मोकळेपणा त्यांना त्या किल्ल्याने दिला, कारण सकाळी ऑस्लो जर्मनांच्या हातात पडलं असतं तर राजा आणि सरकार अंथरुणातच सापडलं असतं. त्याऐवजी संसदेचा अध्यक्ष कार्ल योआखिम हाम्ब्रोने भराभर सूत्रं हलवली आणि साडेसातच्या आत राजघराणं, मंत्री, खासदार खास रेल्वेने हामारला निघाले. नॅशनल बँकेचं 50 टनांच्या आसपास सोनंही ट्रक भरभरून बाहेर काढलं, पुढे ते खरोखरच सुखरूप इंग्लंडला पोचलं.

जाता जाता कूटने लोकांना सांगितलं की पूर्ण सैन्यभरती जाहीर झाली आहे. झालेली नव्हती. सरकारने काढला होता तो अर्धवट भरतीचा हुकूम, आणि तो पाठवायचा होता पोस्टाने, हजर व्हायची तारीख 11 एप्रिल. बंदरांत शत्रू उतरलेला आणि बोलावणं पत्रपेटीत पडणार. ह्यावर काय बोलायचं. युद्धानंतरच्या चौकशी आयोगाने ह्या सगळ्यावर सरकारला चांगलंच धारेवर धरलं.

बाकी ठिकाणी ऑस्कार्सबोर्ग झालं नाही. बर्गनला क्वार्व्हेनच्या तोफांनी क्योनिग्सबर्ग जहाजाला जखमी केलं, पण शहर गेलं. नार्विकला दोन जुनाट नौका, आइड्सवोल्ड आणि नॉर्गे, थोड्या वेळाच्या अंतराने बुडाल्या, पावणेतीनशेच्या वर खलाशी गेले, आणि शहराच्या कमांडरने जवळपास न लढता शरणागती दिली. संध्याकाळी क्विसलिंगने रेडिओवर जाऊन स्वतःलाच पंतप्रधान जाहीर केलं.

10 तारखेला ब्रॉयर एल्वेरुमला जाऊन राजाला भेटला, मागणी एकच, क्विसलिंगला मान्यता द्या. राजाने मंत्र्यांना सांगितलं, निर्णय तुमचा, पण तुम्ही मान्य करणार असाल तर मी गादी सोडतो. सरकारने नकार कळवला. दुसऱ्या दिवशी जर्मन विमानांनी राजा होता त्या न्यूबेर्गसुंड गावावर बाँब टाकले.

वेगळं काय करता आलं असतं

खनिज बंद केलं असतं तर? ते खनिज स्वीडनचं होतं, नॉर्वे नुसता वाटेवरचा नाका. बंद केलं असतं तर जर्मनीला कारण मिळालं असतं, तेही युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात. 1918 सारखे स्वतःच सुरुंग पेरले असते तर? तेव्हा जर्मनी हरत आला होता, 1940 मध्ये नव्हता. उघडपणे ब्रिटनच्या बाजूला गेलं असतं तर? एप्रिल-मे मध्ये नॉर्वेत उतरलेल्या ब्रिटिश तुकड्यांची जी दशा झाली ती बघता त्याने फार काही वाचलं असतं असं मला वाटत नाही.

मला एकच गोष्ट खरी वाटते, आणि ती लाजिरवाणी स्वस्त आहे. फेब्रुवारीपासून किनाऱ्यावरचे किल्ले पूर्ण माणसांनिशी चालवायचे, फ्योर्डात सुरुंग, आणि तुकड्यांना जिवंत गोळ्यांसह जागेवर ठेवायचं. जर्मन योजना एका धाडसावर उभी होती, की सगळ्या बंदरांत एकाच वेळी जाऊ आणि कोणी गोळी झाडणार नाही. एका म्हाताऱ्या कर्नलने, जुन्या तोफांनी, त्या योजनेतला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा तोडला. असे चार किल्ले जागे आहेत असं बर्लिनला मार्चमध्ये दिसलं असतं तर रेडरच्या फाइलचं पुढे काय झालं असतं, हा विचार करण्यासारखा आहे. हिटलर थांबला असताच असं मी म्हणत नाही. पण आल्टमार्कनंतर दोन्ही राजधान्यांत जे गणित मांडलं गेलं त्यात नॉर्वेच्या नावापुढे शून्य होतं, आणि ते शून्य बदलायला ताफा लागत नव्हता.

स्वीडन वाचला, त्यावर लोक म्हणतात बघा त्यांनी कसं चतुराईने केलं. त्यांचं सैन्य मोठं होतं हे आहेच. पण नॉर्वे जर्मनांच्या हातात गेल्यावर खनिज असंही जर्मनीलाच मिळणार होतं, ब्रिटन तिथे पोचू शकत नव्हता, मग स्वीडनवर चाल करून जायचं कारणच संपलं. शिवाय 1940 ते 1943 जर्मन सैनिकांना रजेवर जाता-येता आपल्या रेल्वेतून नेलं ते वेगळंच.

पुढे लढाई दोन महिने चालली. नार्विकच्या खाडीत ब्रिटिश आरमाराने दहाच्या दहा जर्मन विनाशिका संपवल्या, मित्रराष्ट्रांनी 28 मे ला शहर परत घेतलं, आणि तेवढ्यात फ्रान्स कोसळायला लागला म्हणून दहाबारा दिवसांत सोडूनही गेले. राजा आणि सरकार 7 जूनला ट्रॉम्सोहून ब्रिटिश क्रूझरने निघाले, 10 जूनला नॉर्वेतल्या सैन्याने शस्त्रं ठेवली. ज्या टँकरवरून एवढं झालं ते, आणि बाकीची मिळून हजाराच्या आसपास जहाजं, सरकारने नॉरट्राशिप नावाच्या एकाच संस्थेखाली आणून मित्रराष्ट्रांच्या कामाला लावली, त्यांच्यावरचे तीन हजारांहून जास्त खलाशी परत आले नाहीत. जर्मनीला खनिज मिळालं, आणि ते राखायला युद्ध संपेपर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास माणसं त्या थंडीत बसवून ठेवावी लागली, कारण ब्रिटिश पुन्हा येतील ही भीती काही गेली नाही.

डेन्मार्क-नॉर्वे गेल्यावर लंडनने नकाशावर पुढचा ठिपका बघितला. आइसलँड, डेन्मार्कच्याच राजाखालचा, तटस्थ, स्वतःचं सैन्यच नसलेला. जर्मन तिथे पोचायच्या आत आपण पोचावं असं ठरलं. 10 मे 1940 च्या पहाटे ब्रिटिश सैनिक रेक्याविकला उतरले. कोणी गोळी झाडली नाही. आइसलँडच्या सरकारने निषेधाचं पत्र दिलं.